विनाथांबा: मुलांच्या वाहिनीला खुलं पत्र

प्रति,
कार्यक्रम विभाग आणि तांत्रिक विभाग,
मुलांची वाहिनी

स. न. वि. वि.

वाहिनीचं नाव मी इथे लिहिलेलं नाही, मालिकेचंही नाही. करारात तसं कलम आहे आणि ते मी पाळणार आहे. ज्यांना कळायचं त्यांना चार ओळींत कळेल. बाकीच्या वाचकांनी आपल्या घरी तीन-चार वर्षांच्या मुलासमोर जे काही लागतं ते डोळ्यांपुढे आणलं तरी चालेल.

मी तुमच्या मालिकेची मराठी संवादलेखिका. सव्वीस भाग, एकेक भाग अकरा मिनिटांचा. एक बदक, एक आजी आणि आजीची पिशवी. दर भागात बदक काहीतरी हरवतं आणि ते शोधायला टीव्हीसमोरच्या मुलाची मदत मागतं. विचारतं, थांबतं, ऐकल्यासारखी मान हलवतं, मग पुढे जातं. गोष्ट एवढीच. पंधरा वर्षं मी डबिंगचे संवाद लिहिते आहे. राक्षस, रोबो, बोलणाऱ्या मोटारी असं सगळं लिहून झालं, पण इतक्या कमी शब्दांवर इतके दिवस कधीच बसले नव्हते.

त्या थांबण्याला आमच्या धंद्यात ‘पॉज’ म्हणतात. मी माझ्या कागदावर ‘थांबा’ लिहायचे, एस.टी.चा असतो तसा. कुणी चढो न चढो, गाडी तिथे उभी राहिली पाहिजे. पहिल्या भागात असे चौतीस थांबे होते, सरासरी चार-चार सेकंदांचे. गेल्या महिन्यात मालिका लागली तेव्हा मी घड्याळ लावून बघितलं. थांबे एकेका सेकंदाचे उरलेत. चौतीस त्रिक एकशे दोन. म्हणजे पावणेदोन मिनिटं मुलांच्या वाटची होती, ती गेली. शिवाय थांब्यांच्या पाठोपाठ येणारी काही वाक्यंही गेली. अकरा मिनिटांचा भाग नऊ मिनिटांवर आला आणि उरलेल्या जागेत बिस्किटांच्या आणि नूडल्सच्या जाहिराती बसल्या. आमचा लाल डबा तुम्ही विनाथांबा करून टाकलात.

फोनवर कारण विचारलं तर जे कळलं त्यावर हसावं की रडावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुमच्या तांत्रिक तपासणीच्या अहवालात पहिल्या भागात चौतीस ‘ऑडिओ ड्रॉप’ सापडले म्हणे. आवाज गेला, दोष आहे, दुरुस्त करा. कुणीतरी इमानेइतबारे चौतीस दोष दुरुस्त केले. मी त्या माणसाला दोष देत नाही. त्याच्यासमोर पडद्यावर आवाजाची रेघ सपाट झालेली दिसली असणार. त्या सपाट रेघेत कराडमधलं एक मूल बोलत असतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

कराडचं सांगते. माझी मावशी तिथे देवळामागच्या एका खोलीत बालवाडी चालवते. डबिंग पक्कं करण्याआधी मी माझ्याच आवाजात कच्चं ध्वनिमुद्रण केलं आणि लॅपटॉप घेऊन तिच्याकडे गेले. अकरा मुलं सतरंजीवर. त्यात माझी भाची चिमी, साडेतीन वर्षांची, घरात तोंडाचा पट्टा आणि बाहेर मुकी. बदकाने विचारलं, “आजीच्या पिशवीत काय असेल बरं?” पहिला सेकंद कुणीच हललं नाही. दुसऱ्या सेकंदाला एक मुलगा शेजाऱ्याकडे बघू लागला. तिसऱ्याला चिमीने तोंडातलं बोट काढलं, फ्रॉकला पुसलं आणि स्वतःलाच सांगावं तशी म्हणाली, “कांदा.” मग सगळा गलका. चेंडू, खाऊ, मांजर, एकाने “पप्पा” सांगितलं. चौथा सेकंद संपला आणि बदक म्हणालं, “असेल, असेल! बघूया हं.” चिमीने माझ्याकडे वळून बघितलं. बदकाने आपलं ऐकलं, असा तो चेहरा होता. (पिशवीत बटाटे होते. त्याने काही बिघडलं नाही.)

गेल्या महिन्यात तीच मुलगी, तोच भाग, भावाच्या घरातला टीव्ही. मी शेजारी बसले होते. बदकाने विचारलं. चिमीने बोट तोंडातून काढलं, फ्रॉकपर्यंत नेलं. तेवढ्यात टीव्हीतूनच सात-आठ मुलांचा आवाज आला, “बटाटे!” आणि बदक लगेच, “शाब्बास!” चिमीचं तोंड अर्धं उघडं राहिलं. पुढच्या प्रश्नाला तिने “कु–” एवढंच म्हटलं. त्यापुढच्या प्रश्नाला बोट तोंडातच राहिलं. भाग संपेपर्यंत ती एकदाही बोलली नाही, पण नजर काही टीव्हीवरून हलली नाही. तुमच्या आकडेवारीत हा प्रेक्षक मिळाला असं धरलं जात असेल.

म्हणून हे पत्र.

थांबा ही बदकाच्या निर्मात्यांची लहर नाही. टीव्हीसमोरच्या मुलाला कामाला लावायची खटपट जुनी आहे. अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर १९५३ ते १९५७ ‘विंकी डिंक अँड यू’ नावाचा कार्यक्रम लागायचा. पन्नास सेंट पाठवून एक प्लास्टिकचा पारदर्शक कागद मागवायचा, टीव्हीच्या काचेला चिकटवायचा आणि त्यातला कार्टूनमधला मुलगा विंकी डिंक अडचणीत आला की त्यावर खडूने पूल काढून द्यायचा. ज्यांच्याकडे कागद नव्हता त्यातल्या काहींनी सरळ काचेवरच पूल बांधले. त्यांच्या आया काय म्हणाल्या असतील ते आपल्याला भाषांतर न करताही कळतं.

पण थांब्याचं शास्त्र बसवलं ते ‘ब्लूज क्लूज’ने. ही मालिका ८ सप्टेंबर १९९६ ला निकलोडियनवर सुरू झाली. अँजेला सँटोमेरो, टॉड केसलर आणि ट्रेसी पेज जॉन्सन हे तिचे निर्माते. तिचा सूत्रधार स्टीव्ह बर्न्स हिरव्या पट्ट्यांचा शर्ट घालून थेट कॅमेऱ्यात बघायचा, प्रश्न विचारायचा आणि गप्प राहायचा. मोठ्या माणसाला ते बघताना अवघडल्यासारखं होतं, हे मान्य. आपण हातात रिमोट घेऊन बसलेलो असतो, आवाज थांबला की केबल गेली असं वाटतं. पण ती मालिका आपल्यासाठी नव्हतीच. प्रत्येक भाग दाखवण्याआधी शाळेत जायच्या आधीच्या वयाच्या मुलांसमोर पुन्हा पुन्हा तपासला जायचा: मूल कुठे बोलतं, कुठे बोलायला उशीर लागतो, कुठे कंटाळून उठतं. थांबा किती असावा हे मुलांनी ठरवलं, तांत्रिक विभागाने नव्हे. आणि एकच भाग सोमवार ते शुक्रवार पाचही दिवस लागायचा. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे डॅनियल अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. तोच भाग पुन्हा पुन्हा बघणारी मुलं कंटाळण्याऐवजी जास्त बोलू लागतात, कारण आता त्यांना उत्तर माहीत असतं. ज्या घरात एकच गोष्ट रोज रात्री सांगावी लागते त्या घराला हे सांगायला संशोधक लागत नाही, पण वाहिन्यांना लागतो.

शाळेच्या वर्गातलंही तेच. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभर थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले की उत्तरं लांबतात आणि एरवी मान खाली घालून बसणारी मुलंही तोंड उघडतात. तुम्ही ठेवलेला एक सेकंद नेमका त्या घाईच्या मास्तरांचा आहे.

आता माझ्या कामाकडे येते, कारण माझी खरी दुखरी जागा तिथे आहे.

इंग्रजीत पिशवीबद्दल विचारताना ‘व्हॉट’ वाक्याच्या तोंडाशीच येतो. मुलाला पहिल्याच शब्दाला कळतं की आपल्याला काहीतरी विचारलं जातंय, आणि उरलेलं वाक्य होईपर्यंत ते मनात तयारी करतं. मराठीत ‘आजीच्या पिशवीत’ इथपर्यंत तर आपण नुसतं सांगतच असतो. ‘काय’ त्यानंतर येतं. मराठी मुलाला प्रश्न उशिरा कळतो, म्हणून मराठी थांबा मुळापेक्षा थोडा लांबच हवा. यासाठी मी दोन आठवडे डोकं लढवलं. ओठ जुळवायचे, वाक्य लवकर संपवायचं, शेवटी ‘बरं’ किंवा ‘सांग’ असा एखादा शब्द ठेवायचा, म्हणजे त्यावर चेंडू मुलाच्या हातात जाईल. बदकाला ओठ नाहीत, चोच आहे, ही देवाची कृपा. अशा रीतीने एकेका थांब्यात मी अर्धा-पाव सेकंद कमावला होता. तुम्ही तिथून तीन नेले.

दुसरं, इंग्रजीतला ‘यू’. तो एकाला चालतो, शंभरांना चालतो, मुलाला चालतो, मुलीला चालतो. मराठीत असं झाकून बोलता येत नाही. “तू कुठे लपलास?” म्हटलं की निम्म्या प्रेक्षक मुली बाहेर. “अरे” म्हटलं तरी तेच. म्हणून सव्वीस भागांत मी एकही असं वाक्य ठेवलं नाही ज्यात बघणारा मुलगा की मुलगी हे बदकाला आधी ठरवावं लागेल. “तुला दिसलं का?” “तुला सापडलं?” “तुझ्या मागे आहे का बघ.” आणि सगळीकडे एकवचन, कारण मूल जमिनीवर बसलेलं असतं ते एकटं असतं. हे कुणाच्या लक्षात यावं अशी अपेक्षा नव्हती. लक्षात न येणं हीच त्याची पावती होती. प्रसारणात पाहते तर काय, अर्ध्या ठिकाणी दुसऱ्याच आवाजात “अरे दोस्तांनो, सापडलं का?” असं चिकटवलेलं. दोस्तांनो! चिमीने मागे वळून दाराकडे पाहिलं. कोण आलंय ते बघायला.

तर तक्रारी सांगते, म्हणजे पत्र नुसतंच गाऱ्हाणं होणार नाही.

पहिली, थांबे कापले. त्यावर वर लिहिलं आहे.

दुसरी, थांब्यांच्या जागी उत्तर देणारी मुलं बसवली. ही मला पहिलीपेक्षा वाईट वाटते. नुसता थांबा लहान केला असता तर चपळ मुलांनी तरी काहीतरी साधलं असतं. आता बदकाने विचारायचं, टीव्हीतल्या मुलांनी सांगायचं, बदकाने त्यांनाच शाबासकी द्यायची. आमच्या मुलाने फक्त बघायचं. मग हे विचारता तरी कशाला?

तिसरी, “असेल, असेल! बघूया हं” ही ओळ काढली. कुणाला ती फालतू वाटली असेल. सगळ्या मालिकेत ती माझी सगळ्यात आवडती ओळ होती. कांदा म्हणणाऱ्याला, चेंडू म्हणणाऱ्याला आणि “पप्पा” म्हणणाऱ्यालाही ती एकसारखी लागू पडते. टीव्हीला ऐकू येत नाही, हे गुपित सांभाळायचं काम ती ओळ करायची.

चौथी, अनेकवचन आणि ‘अरे’. मला न विचारता. संवादलेखकाला विचारायची पद्धत नाही हे मला माहीत आहे, मी या धंद्यात काल आलेले नाही. पण पद्धत आहे म्हणून ती बरी ठरत नाही.

पाचवी, तुमच्या ॲपवर दोन ठिकाणी प्रश्न आणि उत्तर यांच्या मधोमध जाहिरात येते. बदक विचारतं, “कुठे गेली आजीची काठी?” आणि चॉकलेट सुरू होतं. मूल ‘चॉकलेट’ म्हणून ओरडतं. हे कुणी मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. शांतता जिथे सापडली तिथे यंत्राने जाहिरात घातली असणार. पण यंत्र तुमचं आहे.

सहावी, एक भाग आठवड्यातून एकदाच लागतो, तोही वेळ बदलून. हे का चुकतं ते वर आलंच आहे.

एक आक्षेप आत्ताच घेऊन टाकते, कारण तो येणारच. इतक्या लहान मुलांना टीव्ही दाखवावाच कशाला? बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शनात दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितला आहे, कमी असेल तर आणखी चांगलं. मी त्याच बाजूची आहे. पण दिवसभर शेतात किंवा पाळीवर जाणारी माणसं आहेत, आजीला गुडघ्यामुळे पोराच्या मागे धावता येत नाही अशी घरं आहेत. ती अकरा मिनिटं लागणारच असतील तर त्यातली सव्वादोन मुलाला बोलायला मिळू देत, एवढंच माझं म्हणणं. मावशी बालवाडीतल्या नव्या ताईंना पहिल्या दिवशी एकच सूचना देते: पोरगं बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही. तिला ती तिच्या आधीच्या बाईंनी दिली होती. महाराष्ट्रात ही शिस्त आजची नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, आणि मुलं शाळेपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. आज त्या अंगणात टीव्ही पोचला आहे. तुम्ही पोचला आहात. आणि पोचून स्वतःच बोलत सुटला आहात.

हिंदीत २००६ साली ‘गली गली सिम सिम’ हा लहान मुलांचा कार्यक्रम आला, त्यातली चमकी ही बाहुली अजून लोकांना आठवते. मराठीत या वयासाठी मुळातून घडवलेलं असं काही आठवायला मला बराच वेळ लागतो. म्हणून तर डबिंगलाही जपायला हवं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा तुमच्या वाहिनीवर अभिनंदनाची पट्टी फिरत होती. मी पाहिली. अभिजात भाषेत उत्तर द्यायला साडेतीन वर्षांच्या मुलीला तीन सेकंद लागतात, तेवढे द्या.

माझ्या मागण्या अशा:

सव्वीसच्या सव्वीस भाग मूळ लांबीत, मूळ थांब्यांसह पुन्हा दाखवा. ॲपवर आत्ता आहेत ते काढून हे ठेवा.

उत्तर देणाऱ्या मुलांचा आवाज काढून टाका. ज्या मुलांनी तो दिला त्यांचे पैसे मात्र कापू नका. त्यांनी सांगितलं ते काम केलं.

“दोस्तांनो” काढा, माझी मूळ वाक्यं परत घाला. ध्वनिमुद्रण झालेलं आहे, स्टुडिओत पडून आहे, पुन्हा खर्च नाही.

प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये जाहिरात नको. जाहिराती भागाच्या आधी आणि नंतर लावा.

एक भाग निदान पाच दिवस सलग, एकाच वेळेला दाखवा. तुमचा खर्च वाढणार नाही, उलट कमी होईल. या मागणीला तरी तुम्ही हो म्हणाल अशी मला आशा आहे.

आणि यापुढे या वयाची कुठलीही मालिका लावण्याआधी एखाद्या बालवाडीत सतरंजीवर बसून मुलांबरोबर एकदा बघा. कार्यक्रम विभागाने आणि तांत्रिक विभागाने दोघांनी. कराडला यायचं असेल तर मावशी चहा करेल. तिची खोली लहान आहे, चपला बाहेर काढाव्या लागतात.

मला या पत्रामुळे पुढचं काम मिळणार नाही, असं दोन मित्रांनी सांगितलं. त्यांचं खरंही असेल. म्हणून एक गोष्ट आत्ताच करून ठेवते आहे. सव्वीस भागांतल्या सगळ्या थांब्यांचे टाइमकोड माझ्या क्यू शीटमध्ये आहेत, कुठे सुरू होतो, कुठे संपतो, मागचं वाक्य कोणतं, पुढचं कोणतं. ती शीट या पत्रासोबत दोन्ही विभागांना पाठवली आहे. पुढच्या खेपेला तपासणी अहवालात या जागा ‘दोष’ म्हणून येतील तेव्हा ती शेजारी ठेवावी.

पहिल्या भागातला पहिला थांबा सत्तेचाळिसाव्या सेकंदाला आहे. तिथून सुरुवात करा.

आपली,
मराठी आवृत्तीची संवादलेखिका